पिंपावरचा हशा

१ जानेवारी १९६१

आजपासून रोजनिशी लिहायची असं ठरवलं आहे. थोर माणसं लिहितात, आणि यंदा मी थोर व्हायचं म्हणतो आहे. मागाहून चरित्रकाराची पंचाईत नको.

तर चरित्रकारासाठी थोडक्यात: मी रामचंद्र, वय शेहेचाळीस, लाँचच्या धक्क्यावर तिकीटबाबू. खिडकीत बसून लोकांना मुंबईला धाडणं हा माझा धंदा. मी स्वतः खिडकीच्या आतच असतो. पण गावात मला तिकीटबाबू कोणी म्हणत नाही. मास्तर म्हणतात. तालीममास्तर. दर चैत्री पुनवेला गावदेवीच्या जत्रेत फार्स होतो, तो मीच लिहितो आणि मीच बसवतो. लोक इतके हसतात की देवळामागच्या वाडीतली कुत्री उठून भुंकायला लागतात. थळहून आणि रेवसहून माणसं बैलगाड्या जोडून येतात. एवढा पुरावा असताना आपल्या अंगी कसब आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

यंदा जत्रेला धर्माजी शेठ येणार आहेत. माणूस आपल्याच भागातला, पण आता लालबागला राहून नाटकांची कंत्राटं घेतो. फार्स पसंत पडला तर तो गिरणगावात प्रयोग लावणार. तसं झालं की मी खिडकी बंद करणार आणि चावी समुद्रात फेकणार. हे मी केसरला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐकवलं. ती म्हणाली, "चावी कंपनीची आहे. परत करा."

केसरला विनोद कळत नाही. एवढं एक सोडलं तर संसार बरा चालला आहे.

८ जानेवारी

देवळाच्या ओसरीवर नव्या फार्सचं वाचन झालं. नाव: 'बिनविरोध खेकडा'. नव्या ग्रामपंचायतीला सरपंच हवा. दोन उमेदवार, दोघेही लबाड. शेवटी गाव वैतागून टोपलीतला एक खेकडा बिनविरोध निवडून देतं, कारण तो निदान उघडपणे तिरका चालतो. पुढं दोन्ही लबाड खेकड्याच्या पाया पडायला येतात. तीन अंक.

नायक बुधाजी. हा शेतकरी, बोलण्यात वस्ताद, पाठांतरात कच्चा. वाचन संपल्यावर म्हणाला, "मास्तर, खरं बोलू? आपलं नशीब चांगलं हाय. येवढंच."

"नशीब? लिहिलं मी, बसवलं मी, तुझ्यासारख्या दगडाकडून वदवून घेतलं मी. यात नशीब कुठं आलं?"

"आता मी दरसाल भात पेरतो, रावजी बी पेरतो. बियाणं येक, बांध येक. त्याचं पिकतं, माझं न्हाय पिकत. मंग मी काय वाकडा पेरतो?"

"असशील."

सगळे हसले. सदूसुद्धा हसला. तो आमच्याकडं बायकांची कामं करतो. हसला तरी पदर सावरतो.

मी बुधाजीला समजावलं की शेती आणि कला यांत फरक आहे. पाऊस लहरी असतो, प्रेक्षक नसतो. चांगलं वाक्य टाकलं की हशा येणारच. तो म्हणाला, "व्हय, व्हय." हा माझा वाद जिंकण्याचा नेहमीचा अनुभव.

१९ जानेवारी

तालमी सुरू झाल्या. आज बाबाजी आला.

बाबाजीविषयी चरित्रकाराला सांगायलाच हवं. हा पूर्वी मुंबईच्या गोदीत ओझी उचलायचा. चव्वेचाळीस साली तिथं तो मोठा स्फोट झाला, त्यानंतर गावी परतला, येताना एक रिकामं लोखंडी पिंप घेऊन. तेच त्याचं आसन. गुडघे आखडलेत, मांडी घालता येत नाही म्हणतो. तालीम असो की प्रयोग, त्याचं पिंप रंगमंचाच्या उजव्या अंगाला, अगदी विंगेला चिकटून. तिथून नाटक अर्धंच दिसतं, पण तो जागा बदलत नाही. दरवर्षी जत्रेतल्या मानकऱ्यांचे नारळ फुटले की एक नारळ त्या पिंपावर ठेवतात. मान गावानंच दिलेला.

तर बाबाजी हसतो. लाँचचं इंजिन कसं चालू होतं? हँडल मारलं की आधी दोन कोरडे खोकले, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम पकड घेऊन धडधडायला लागतं. हुबेहूब तसं. वर तळहातानं पिंपावर थापा. ते एकदा सुरू झालं की अख्खं गाव त्याच्या मागून हसत सुटतं.

या माणसाची जाण विलक्षण आहे. वाक्य पुरं व्हायच्या अर्धा श्वास आधी त्याला ते पोचलेलं असतं. अलिबागच्या विद्वानांना माझा फार्स 'उथळ' वाटला होता. एका हमालाला जे कळतं ते विद्वानांना कळत नाही, हा काही हमालाचा दोष नव्हे.

एरवी मात्र त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. "काय बाबाजी, बरं आहे?" विचारलं तर मान डोलावतो. "भात कापून झालं?" मान डोलावतो. "लाँच बुडाली" म्हटलं तरी डोलावेल. मितभाषी माणूस.

९ फेब्रुवारी

बाबाजी गेला.

काल ताप होता म्हणे. आज सकाळी सोनूबाईनं, त्याच्या बायकोनं, पेज नेऊन दिली तर उठेना. दुपारी आम्ही त्याला खाडीकाठी पोचवून आलो. बुधाजी आणि सदूनं खांदा दिला. मीही दिला. हलका होता. एवढा मोठा आवाज एवढ्याशा माणसात कुठं मावत होता कोण जाणे.

घरी येऊन आंघोळ केली आणि म्हणालो, "जत्रेला दोन महिनेसुद्धा नाहीत."

केसर चुलीपुढून म्हणाली, "माणूस गेलाय."

"तेच तर म्हणतोय मी."

मी जेवलो नाही. हे दुःखामुळं की धर्माजी शेठमुळं, ते चरित्रकारानं ठरवावं.

१६ फेब्रुवारी

बाबाजीनंतरची पहिली तालीम. वाईट.

बुधाजीचं वाक्य: "हा एकच उमेदवार आहे, जो उघड उघड तिरका चालतो!" म्हणून तो थांबला. मीच त्याला थांबायला शिकवलं आहे, हशासाठी जागा सोडायची म्हणून. जागा सुटली, पण हशा आला नाही. बुधाजी पिंपाकडं बघत उभा, सदू पिंपाकडं बघत उभा. पिंप जिथल्या तिथं. त्यावर कोणी बसत नाही आणि ते हलवायचं धाडसही कोणी करत नाही.

असं दर दहा वाक्यांनी होत गेलं. थांबायचं, पिंपाकडं बघायचं, पुढं जायचं. पहिला अंक संपेस्तोवर मला घाम फुटला. ऐकताना एक विचार मनात आला, तो इथं लिहितो, कारण इथं कोणी वाचणार नाही: या वाक्यांत हसण्यासारखं नक्की काय आहे?

२१ फेब्रुवारी

बाबाजीच्या तेराव्याला गेलो. पानं उठल्यावर सोनूबाई ओसरीच्या कडेला येऊन बसली. मी म्हटलं, "वहिनी, फार मोठा रसिक गेला. माझं एकेक वाक्य त्यांनी जसं ऐकलं, तसं कोणी ऐकलं नाही."

ती खांबाला टेकली. "ऐकलं? त्यानला ऐकू कुटं येत व्हतं, मास्तर?"

"म्हणजे?"

"गोदीतल्या त्या धडाक्यात दोनी कान गेलं. काय बी न्हाय. मी हाक मारायची तर दारात जाऊन पदर हलवायचे. कुनाला सांगू नको म्हनले, लोक कीव करतील."

ओसरीवर एक कोंबडी उष्टी शितं टिपत होती.

"मग ते हसायचे कशाला?"

"तुमच्याकडं बगून." आणि ती चक्क थोडी हसली. "मला हातवारं करून दावायचे ना. म्हनायचे, मास्तर पडद्याआड उभा ऱ्हातो, नि मजा यायची झाली की असा भुवया वर करतो, असं ओठ पुढं काढतो, जसा कोनी आता त्याच्या हातावर लाडूच ठेवनार हाय. ते बगितलं की पोटातून उकळी यायची त्यानला. म्हनून तर पिंप तिथं. विंगेतलं दिसावं म्हनून."

"गुडघे?"

"गुडघं चांगलं व्हतं."

मग ती खाली बघत म्हणाली, "घरी कदी हसलं न्हायत, मास्तर. तिकडनं आल्यापासून न्हाय. काय काय बगून आलं व्हतं, देव जाने. रातचे उटून बसायचे. मी नाटकाला कदी आले न्हाय. हितंच दारात बसायचे. देवळाकडनं तो आवाज आला, की मला वाटायचं, बरं हाय. आज हसतोय."

मी उठलो आणि चालायला लागलो. छत्री तिथंच विसरलो. फेब्रुवारीत छत्री कशाला नेली होती, तेही आठवत नाही.

२५ फेब्रुवारी

झोप नाही. हिशोब सरळ आहे. गाव हसायचं बाबाजीला बघून. बाबाजी हसायचा माझं तोंड बघून. माझं तोंड तसं व्हायचं, कारण आता गाव हसणार ही मला आशा असायची. या वर्तुळात माझा फार्स कुठं आहे? कुठंच नाही. त्या जागी मी पंचांग वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं.

आज प्रयोग म्हणून खिडकीवर लाँचची वाट बघणाऱ्यांना खेकड्याचा प्रवेश वाचून दाखवला. चौघांनी ऐकला. एकानं विचारलं, "लाँच किती वाजता?"

मग केसरला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. अंक संपल्यावर म्हणाली, "झालं?"

"हसू आलं नाही?"

"खेकडा तिरका चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे." सुपातला खडा बाजूला काढून ती म्हणाली, "खेकडा सरळ चालला असता तर कदाचित..."

इतकी वर्षं मी समजत होतो की तिला विनोद कळत नाही.

४ मार्च

शिमगा झाला. होळीभोवती बोंबा मारताना एक पोरगा बाबाजीची नक्कल करायला गेला. दोन खोकले काढले, पुढं जमेना. सगळे गप्प झाले. मग नारळ होळीत टाकून घरी गेले.

मी धर्माजी शेठना 'येऊ नये, फार्स रद्द' असं कळवायचं ठरवलं होतं. धक्क्यावर मुंबईच्या लाँचच्या सारंगाला निरोप सांगायला गेलो आणि त्याऐवजी हवापाण्याचं बोलून आलो. मनात काय आहे ते माझं मलाच कळत नाही. दुसऱ्या कोणाला कळावं असंही वाटत नाही.

९ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. गावात मी हे इतक्यांदा सांगितलं आहे की भुतांनाही ते ठाऊक असेल.

दुसऱ्या अंकाची तालीम. मी नेहमीच्या जागी, उजव्या विंगेत, पिंपाच्या बाजूला. बुधाजी म्हणाला, "याच्या नांग्या दिसतात तरी! तुमच्या कुठं आहेत ते दाखवा!" आणि थांबला.

तेवढ्यात आवाज आला. दोन कोरडे खोकले. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग ते सुरू झालं, तेच, पकड घेतल्यासारखं. पिंपावर थापही पडली. माझ्या अंगावर काटा आला. आवाज इतका जवळून येत होता की कानांत दडे बसले. बाबाजी माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून हसत असावा, इतका जवळून.

बुधाजीचं तोंड उघडंच राहिलं. सदूनं पदर तोंडात कोंबला. सगळे माझ्याकडं बघत होते. साहजिक आहे. घाबरलं की माणसं मास्तरकडंच बघतात.

"ऐकलंत ना?" मी विचारलं.

बुधाजी हळूच म्हणाला, "व्हय मास्तर. ऐकलं."

"तुम्हालाही आला ना आवाज?"

"आला की."

चला, म्हणजे मला भास झाला नाही. एवढं समाधान. नंतरचे प्रवेश पोरांनी असे केले की मीच चकित झालो. भीतीनं का होईना, नट जागे झाले.

घसा धरला आहे. संध्याकाळी खाडीवरून गार वारं येतं. उद्यापासून मफलर.

१३ मार्च

पुन्हा आवाज. एकदा नव्हे, तीनदा. दर वेळी बरोबर हशाच्या जागी. मेल्यावर माणसाला ऐकू येत असावं.

तालीम संपल्यावर सदू काळा दोरा घेऊन आला आणि माझ्या मनगटाला बांधायला लागला.

"मला कशाला? पिंपाला बांध."

"आसू द्या मास्तर."

"अरे, भूत तिथं आहे ना?"

सदू आणि बुधाजीनं एकमेकांकडं पाहिलं. बुधाजी म्हणाला, "पिंपाला मनगाट न्हाय, मास्तर." हे वाक्य बरं होतं. फार्समध्ये घ्यावं का?

तळहात सुजला आहे. कशावर तरी आपटला असावा.

१५ मार्च

आज घरात झालं. जेवताना एक नवं वाक्य सुचलं, ते मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि भिंतीतून, छपरातून, कुठून तरी तो सुरू झाला. केसरच्या हातून आमटीचं पातेलं पडलं.

"ऐकलंस?"

ती पांढरीफटक झाली होती. माझ्याकडं टक लावून म्हणाली, "कधीपासून होतंय हे तुम्हाला?"

"मला नव्हे. घराला."

सांडलेली आमटी पुसताना तिनं पालीच्या बल्लाळेश्वराला नवस बोलला. मला ऐकू येईल असा बोलला नाही, पण ओठ वाचता आले. हल्ली मलाही लोकांचे ओठ बघायची सवय लागली आहे.

१९ मार्च

केसरनं मला सोनूबाईकडं नेलं. का, ते सांगितलं नाही. वाटेत माझा हात धरून चालली. लग्न झाल्यापासून भर रस्त्यात तिनं असं केलेलं नाही.

दोघी आत काहीतरी बोलल्या. मग सोनूबाई बाहेर येऊन माझ्यापुढं बसली. माझ्याकडं ती अशी बघत होती, जसं अंधारात ओळखीचा चेहरा शोधावा.

"मास्तर, तो खेकड्याचा अंक म्हना ना जरा."

"आता? इथं?"

"म्हना."

मला मनातून बरं वाटलं. उगाच खोटं कशाला लिहा? एवढ्या दिवसांत नाटक ऐकू मागणारं हे पहिलं माणूस. मी उभा राहिलो आणि सगळ्या पात्रांची बोलणी आवाज बदलून म्हणायला लागलो. नांग्यांच्या वाक्यापाशी आलो, थांबलो, आणि तो आलाच. या घरात, जिथं तो कधी हसला नव्हता म्हणतात, तिथं.

सोनूबाईनं पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते. मला वाटलं, हसते आहे, मग दिसलं, तसं नाही. केसरनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि तिचे स्वतःचे डोळे भरले होते.

"त्यांचाच हाय," सोनूबाई म्हणाली. "अक्शी त्यांचाच." मग थोड्या वेळानं, "आजून येकदा म्हना."

मी तो अंक पुन्हा पुन्हा म्हटला. आवाज फुटेनासा झाला तेव्हाच थांबलो. असा श्रोता मिळाला तर कसबाला धार येते. घरी परतताना मी केसरला म्हणालो, "बघितलंस? दुःखातल्या माणसालासुद्धा माझ्या वाक्यांनी पाझर फुटतो."

केसर म्हणाली, "घसा जपा."

३१ मार्च

आज जत्रा. हे सकाळी लिहितो आहे. धर्माजी शेठ कालच्या लाँचनं आले. मीच तिकीट घेतलं त्यांचं, पण ओळख दिली नाही. सोन्याचं बटण, कपाळाला गंध, चेहरा असा की गेल्या कित्येक वर्षांत त्यावर काही उगवलेलं नाही. माझ्या आयुष्याचा निकाल या चेहऱ्यावर लागणार.

बुधाजीला विचारलं, "काय वाटतं? चालेल?"

"तुम्ही विंगेत हाव ना? मंग चालंल."

१ एप्रिल

पहिली वीस मिनिटं स्मशान. देवळाच्या पटांगणात माणूस मावत नव्हता आणि एक चेहरा हलत नव्हता. धर्माजी शेठ पुढच्या खुर्चीत. त्यांनी एकदा जांभई दिली, ती मी विंगेतून मोजमाप घेतल्यासारखी पाहिली. पिंपावर मानाचा नारळ होता आणि सोनूबाईनं पाठवलेली बाबाजीची टोपी. ती स्वतः पहिल्यांदाच नाटकाला आली होती. बायकांच्या बाजूला, केसरला चिकटून बसली होती.

बुधाजी "उघड उघड तिरका चालतो" म्हणाला आणि थांबला. काही नाही. बाजूच्या बत्तीचा फुरफुराट ऐकू येत होता. मला स्वच्छ दिसलं: ती खिडकी, ती चावी, उरलेली वर्षं. मी पिंपाकडं बघितलं आणि मनात म्हणालो, बाबाजी, मला काही येत नाही रे. तू हसलास म्हणून मी होतो.

दोन कोरडे खोकले.

मग काय झालं ते सलग आठवत नाही. आवाज, पिंपावरच्या थापा, टोपी खाली पडलेली, नारळ घरंगळत रंगमंचावर गेलेला. पटांगणात आधी कोणी श्वास घेईना. मग एक म्हातारी ओरडली, "बाबाजी रं!" आणि गाव फुटलं. हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम. ते तिसऱ्या अंकापर्यंत थांबले नाहीत. कुत्री भुंकायला लागली. धर्माजी शेठ खुर्चीत आडवे झाले होते, सोन्याचं बटण तुटलं होतं. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बत्तीचा धूर. पुस्तक हातातून कधी पडलं, कळलं नाही. पडदा पडला तेव्हा मी पिंपाला धरून खाली बसलेला होतो.

धर्माजी शेठ आत आले. "मास्तर, खरं सांगतो, नाटकात दम न्हाय. खेकडा फार लांबलाय. पन त्यो हसनारा!" त्यांना पुन्हा हसू यायला लागलं. "मी न्हेतो नाटक. अट येकच. हसनारा संगती पायजे. त्यो न्हाय, तर आपला करार न्हाय."

माझ्या घशातून जेमतेम शब्द निघाले. "शेठ, तो वारला. फेब्रुवारीत."

शेठचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग बुधाजीकडं. बुधाजी जमिनीकडं बघत होता. सदू लुगड्याच्या निऱ्या सोडत होता, त्यानं हात थांबवला.

तेवढ्यात केसर पुढं आली. शेठना म्हणाली, "येतील ते."

शेठनी मान हलवली आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, झेपंल त्यानला?"

"मी बरोबर येते आहे," केसर म्हणाली.

मी थक्क झालो. इतक्या वर्षांत ही बाई कधी खोटं बोललेली नाही. मेलेल्या माणसाचा शब्द दिला तिनं, माझ्या नाटकासाठी!

१० एप्रिल

चावी कंपनीला परत दिली. केसरनं समोर उभं राहून द्यायला लावली.

चार दिवस शांतपणे विचार केला. बुधाजी म्हणेल नशीब, शेठ म्हणतील हसणारा. पण नीट पाहिलं तर असं दिसतं: जो माणूस बहिरा होता त्याला हसवलं, आणि तोच मेल्यावरही विंगेत येऊन उभा राहतो. हे कशाच्या जोरावर? म्हणजे शेवटी कसबच. एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि आरशात घसा बघायला गेलो, तर आरशात भुवया वर गेलेल्या, ओठ पुढं आलेले, कोणी हातावर लाडू ठेवणार असल्यासारखे. मी आरसा पालथा घातला.

१४ एप्रिल, लाँचवर

सकाळच्या लाँचनं निघालो. बुधाजी, सदू, आणि बाकी मंडळी पुढं, सामानात पिंप. मी कठड्यापाशी बाकावर बसलो आणि शेजारी एक जागा धरून ठेवली. एक गृहस्थ बसायला आले, त्यांना म्हटलं, माणूस यायचा आहे. केसर पलीकडं बसली. तिनं माझ्या मफलरमध्ये ज्येष्ठमधाची पुडी खोचली होती.

धक्क्यावर सोनूबाई आली होती. माझी छत्री परत द्यायला. छत्री दिली, पण गेली नाही. लाँचच्या कडेशी उभी राहिली. पाणी मध्ये हातभर.

"संबाळून जा," ती म्हणाली. "थंडी बादू देऊ नका. वेळच्या वेळी जेवा." मास्तर म्हणाली नाही.

"येतो, वहिनी."

"जाता जाता तेवडं येक म्हना. नांग्यांचं."

भर धक्क्यावर, उतारूंच्या देखत. पण कलावंतानं नाही म्हणू नये. मी उभा राहिलो. "याच्या नांग्या दिसतात तरी! तुमच्या कुठं आहेत ते दाखवा!" आणि सवयीनं थांबलो.

सोनूबाई माझ्याकडं बघत नव्हती. तिनं डोळे मिटले होते आणि मान थोडी कलती केली होती, जशी दारात बसून देवळाकडचं ऐकताना करत असेल.

दोन कोरडे खोकले, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग धडधड सुरू झाली. आजूबाजूचे उतारू वळून बघायला लागले. मी खाली बसलो, कठडा धरला आणि सारंगाला म्हणालो, "चला, बरं झालं. वेळेवर चालू झालं इंजिन."

सारंग हातात हँडल घेऊन उभा होता. माझ्याकडं बघत म्हणाला, "आजून मारलंच न्हाय, मास्तर."